काजूचं लोणी

मृणालिनीबाई प्रदर्शनासाठी नाशिकला निघाल्या त्या सकाळी नऊलाच गाळ्याचा पत्रा तापला होता. वैशाखातलं ऊन हायवेवरून उसळून आत येत होतं. बाईंनी गाडीत बसता बसता किल्ल्यांचा जुडगा संध्याच्या हातात दिला.

"शनिवारी सकाळी सगळी डिलिव्हरी गेली पाहिजे. कॅफेवाले थांबणार नाहीत. जमेल ना?"

"जमेल मॅडम. टेन्शन नका घेऊ."

प्रभावती मागे मोरीपाशी काजूची पातेली धूत होती. तिनं मान वर करून पाहिलं. बाईंची नजर तिच्याकडे वळली, हसल्यासारखी झाली आणि गाडी निघाली. प्रभावतीनं पुन्हा काथ्या हातात घेतला.

चार वर्षांपूर्वी ती बाईंच्या घरी मीरा रोडला स्वयंपाकाला होती. बाईंना दूध पचत नव्हतं. त्यांनी एकदा काजू भिजवून वाटायला सांगितले, त्यात बिनदुधाचं विरजण घातलं, खोबरेल घातलं आणि फ्रिजमध्ये ठेवलं. दुसऱ्या दिवशी पोळीवर लावून म्हणाल्या, "मावशी, खाऊन बघा." प्रभावतीला तेव्हा हसू आलं होतं. जनावर नाही, दूध नाही, आणि म्हणे लोणी. पण तिनंच मग सांगितलं होतं की काजू जास्त वेळ भिजले की आंबूस होतात, आणि मीठ शेवटी टाका. त्या स्वयंपाकघरातून ते काशीगावच्या बाजूला या गाळ्यात आलं. आधी आठवड्याला वीस डबे जायचे, आता चारशे. भाईंदरचे जैन लोक घ्यायचे, जिममध्ये जाणारी पोरं घ्यायची, ज्यांचं पोट दुधानं बिघडतं ते घ्यायचे. कॅफेंमध्ये टोस्टवर तेच लागायचं. गेल्या दिवाळीत संध्या, प्रभावतीची सून, गाळ्यात कामाला आली. संध्या इथल्याच पेणकरपाड्यात वाढलेली, बारावी झालेली, इंग्रजी लेबल वाचणारी. दोन महिन्यांत वजनकाटा, थर्मामीटर, ऑर्डरची यादी सगळं तिच्या हातात गेलं. प्रभावतीच्या हातात मोरी राहिली.

"आत्या, टोपी नीट घाला. केस दिसतायत."

प्रभावतीनं ओल्या हातानंच टोपी पुढे ओढली. पाण्यात राहून तिच्या बोटांची पेरं फुटली होती. मीठ लागलं की आग व्हायची. ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी अकरा वाजता लाईट गेली.

काजूचा लगदा वाटून झाला होता, पातळ केलेलं खोबरेल त्यात पडलं होतं, मोठ्या मिक्सरचं भांडं अर्ध्यावर घुसळून झालं होतं. मशीन घरघरत थांबलं. भांड्याभोवती फिरणारं गार पाणी थांबलं. संध्या बाहेर जाऊन शेजारच्या गाळ्यात विचारून आली. सगळ्या लाईनचीच गेली होती, कधी येईल ते कुणाला ठाऊक नव्हतं.

अर्ध्या तासात गाळ्यात उभं राहवेना. संध्यानं भांड्याचं झाकण उघडून पाहिलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. तिच्या हनुवटीवरून घाम टपकत होता आणि भांड्यात पडू नये म्हणून ती मान तिरकी धरत होती.

"आत्या, हे बघा ना. फाटतंय."

प्रभावतीनं वाकून पाहिलं. वर पिवळं तेल तरंगत होतं, खाली काजूचा रवाळ गोळा बसला होता.

"हातानं घुसळून बघू का?"

"हातानं एवढं कुठं होणार? पंचवीस किलो आहे." संध्यानं लाकडी उलथनं घेऊन स्वतःच ढवळायला सुरुवात केली. दंड भरून आले तरी थांबली नाही. तेल काही आत जाईना. ती मध्येच थांबली, मोबाईल काढला, मॅडमचं नाव काढलं आणि पुन्हा ठेवून दिला.

"लाव की फोन."

"काय सांगू? पहिल्यांदा माझ्यावर सोपवून गेल्यात. पहिल्यांदाच घाण केली म्हणून सांगू?"

"तू लाईट घालवली का?"

"त्यांना ते सांगून चालतं का आत्या? तुम्हाला नाही कळत." मग तिचं तिलाच वाईट वाटलं असावं, ती आवाज खाली आणून म्हणाली, "बर्फ पाहिजे. तुम्ही घोडबंदरच्या रस्त्याला तो बर्फवाला आहे ना, त्याच्याकडून लादी घेऊन या. रिक्षा करा."

प्रभावती गेली. बर्फवाल्याकडे रांग होती. लग्नवाले, सरबतवाले, मासळीवाल्या बाया. ती उन्हात उभी राहिली, तिच्या पुढे दोन माणसं घुसली, ती काही बोलली नाही. लादी गोणपाटात गुंडाळून रिक्षात पायाशी ठेवली. गोणपाटातून झिरपणारं पाणी तिच्या चपलेत शिरत होतं. गाळ्यावर परत पोचायला दीड वाजला.

आत शिरली तर लाईट आली होती. मशीन चालू होतं. संध्या भांड्यापाशी उभी होती, आणि भांड्यात लोणी होतं. गुळगुळीत, पिवळसर, उलथन्याला धरणारं.

"जमलं?"

"जमलं." संध्यानं वळून पाहिलं नाही. "थोडं थंड करून घेतलं आणि बसलं."

"म्या उगं बर्फ आणला मग."

"भांड्याच्या बाजूनं लावा. लागेलच."

प्रभावतीला खरंच बरं वाटलं. सुनेच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "हुशार हाय गं बाई. म्या घाबरले हुते." संध्याची पाठ आखडली. दोघींनी मग संध्याकाळपर्यंत डबे भरले. एकीनं भरायचे, दुसरीनं काठ पुसून झाकण लावायचं. डब्याच्या झाकणावर हिरव्या पानाचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, दूध नाही. प्रभावतीला एवढं मराठी वाचता येत होतं. तोंडावरच्या मास्कमधून तिला एकदा वास आला, ती म्हणालीही, "आज वास लई चांगला येतोय." संध्या म्हणाली, "विरजण चांगलं लागलंय." आणि तिनं हात भराभर चालवले.

शनिवारी सकाळी सात वाजता उदयनं टेम्पो लावला. उदय प्रभावतीचा मुलगा, संध्याचा नवरा. गाळ्याची डिलिव्हरी त्याच्याकडेच होती. त्यानं बर्फाच्या खोक्यांत डबे रचले, यादी खिशात घातली आणि निघाला. संध्या दारात उभी राहून टेम्पो वळणाआड जाईपर्यंत बघत राहिली. मग आत येऊन खुर्चीवर बसली. ती कामाच्या वेळेला कधी बसत नसे.

प्रभावतीनं मिक्सरचं भांडं मोरीत ओढलं. रात्रभर पाण्यात भिजत ठेवलं होतं. तिनं उकळतं पाणी ओतलं. वाफ तोंडावर आली.

ती थांबली.

दहा वर्षं तिनं लोकांच्या घरी सायीचं तूप कढवलं होतं. दर आठवड्याला, एकेका घरात. त्या आधी गावी, परभणीकडे, तिच्या आईला पाटलाच्या वाड्यावरून ताक मिळायचं, लांबून ओतलेलं, आणि आई ते ओंजळीत धरून आधी वास घ्यायची. काजूच्या लोण्याला गरम पाणी लागलं की खोबऱ्याचा वास उठतो. हा वास खोबऱ्याचा नव्हता. तिनं बोटानं भांड्याचा काठ पुसला, नाकाशी धरला, मग जिभेवर ठेवला.

मोरीखालच्या कचऱ्याच्या डब्यात तिनं हात घातला. काजूच्या पिशव्यांखाली एक जाड प्लास्टिकची पिशवी घडी करून कोंबली होती. काशीगावच्या तबेल्यावर लोणी देतात तशी. आत अजून पांढरं चिकटलेलं होतं.

ती पिशवी घेऊन बाहेर आली. संध्यानं पिशवी पाहिली आणि तिचा चेहरा उतरला.

"काय हाय हे?"

"आत्या, हळू बोला."

"हितं कोण हाय ऐकायला? काय हाय?"

"तीन किलो फक्त." संध्या उठून उभी राहिली. "उदयला सांगून आणवलं. मॅडमनी सांगितलंय असं म्हटलं त्याला. थंड लोणी टाकलं की धरतं, तसंच झालं. पंचवीस किलोत तीन किलो. कोणाला कळतंय? उलट चव चांगली लागेल. हॉटेलवाले काय काय घालतात, ते बघा जाऊन."

"लोक दूध न्हाई म्हणून घेतात ना गं."

"जैन लोक तर दूध पितात! आणि बाकीचे फॅशन म्हणून खातात. कोणी मरत नाही लोण्यानं."

प्रभावतीनं पिशवी टेबलावर ठेवली.

"इशिताचा डबा गेला का?"

संध्या टेम्पो गेला त्या वळणाकडे बघू लागली.

इशिता सहा वर्षांची होती. तिची आजी दोन महिन्यांपूर्वी तिला घेऊन मुद्दाम गाळा बघायला आली होती. सगळी भांडी पाहिली, फ्रिज उघडून पाहिला, म्हणाली, "रागवू नका. हिला दुधाचा थेंब चालत नाही. दोन वेळा श्वास बंद पडून हॉस्पिटलात न्यावं लागलंय. डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी काही देत नाही." पोरगी तोवर प्रभावतीच्या शेजारी उकिडवी बसून भिजलेले काजू निवडत होती. जाताना म्हणाली होती, "आजी, हे मी पण करू शकते." प्रभावतीला आजी म्हणाली होती ती.

"गेला का म्हणते?"

"यादीत होता." संध्याचा आवाज बसला. "माझ्या लक्षातच नाही आलं. आत्या, शप्पथ, डोक्यातच नाही आलं."

"उदयला फोन लाव."

संध्यानं लावला. एकदा वाजून बंद झाला. दुसऱ्यांदा उदयनं उचलला, मागून हॉर्न वाजत होते. "हां, ती बिल्डिंग झाली. पहिलीच होती. वॉचमनकडे दिला. काऊन?"

संध्यानं फोन ठेवला. "त्यांचा नंबर मॅडमच्या मोबाईलमध्ये आहे. यादीत फक्त बिल्डिंग आणि फ्लॅट आहे, नऊशे तीन."

"मग मॅडमला लाव."

"आत्या..."

"लाव म्हणते ना. म्या चालले."

प्रभावतीनं ॲप्रन काढला नाही, टोपी काढली नाही. तशीच हायवेवर आली. तीन रिक्षा तिच्याकडे बघून निघून गेल्या. चौथ्या रिक्षाच्या ती आडवीच गेली. रिक्षावाला ओरडला, "मरना है क्या?" तिनं आत बसून बिल्डिंगचं नाव सांगितलं. "भाऊ, जल्दी चलो. बच्ची का सवाल है." त्यानं आरशातून तिचा चेहरा पाहिला आणि रिक्षा गर्दीतून काढली.

सिग्नलला रिक्षा थांबली की ती पुढच्या दांड्याला दोन्ही हातांनी धरून बसायची, जणू जोर लावला तर रिक्षा चालेल. संध्यानं मॅडमला फोन लावला असेल, असं ती मनात म्हणत होती. मॅडमनी त्यांना कळवलंही असेल. आपण जाऊ तोवर डबा कचऱ्यात गेला असेल. मग तिला संध्याचा बसलेला आवाज आठवायचा, आणि दांड्यावरची पकड घट्ट व्हायची.

बिल्डिंगच्या गेटवर वॉचमननं अडवलं.

"कुठं?"

"नऊशे तीन. इशिताच्या घरी."

"काम करायला? पास आहे?"

"काम न्हाई. सकाळी डबा आला हुता तुमच्याकडे, लोण्याचा."

"तो कधीच वर गेला. रजिस्टरमध्ये लिहा. नाव, नंबर."

"तुम्ही लिहा हो. इंटरकॉम लावा, त्यांना सांगा खाऊ नका."

वॉचमननं लावला. वाजत राहिला. कुणी उचलला नाही. प्रभावती लिफ्टकडे निघाली तर तो मागून ओरडला, "ओ मावशी, तिकडून नाही. मागची लिफ्ट." मागच्या लिफ्टमध्ये कुणाचं तरी कपाट अडकवून ठेवलं होतं, दोन हमाल त्याला ढकलत होते. प्रभावतीनं जिना धरला.

पाचव्या मजल्यावर तिच्या बरगडीत कळ आली. तिनं भिंतीला हात टेकला, पण थांबली नाही. सहाव्यावर चप्पल सुटली. ती तिथंच राहिली. नवव्या मजल्यावर तिनं बेल दाबली आणि दाबूनच धरली.

इशिताच्या आजीनं दार उघडलं. ओळख पटायला तिला क्षण लागला. "तुम्ही त्या काजूवाल्या..."

"पोरीनं खाल्लं का?"

"काय?"

"लोणी. त्यात दूध हाय. पोरीनं खाल्लं का?"

आजीनं मागे वळून पाहिलं. आतून खोकल्याचा आवाज आला. "आत्ताच अर्धा टोस्ट... खोकतीय मघापासून. मला वाटलं धूळ. बाहेर रस्ता खणलाय ना, मला वाटलं..."

प्रभावती तिला ओलांडून आत गेली. इशिता डायनिंगच्या खुर्चीवर बसली होती, दोन्ही हातांनी गळा चोळत. ओठ सुजले होते. डोळ्यांभोवती लाल पट्टे उठले होते. तिनं प्रभावतीकडे बघून काही बोलायचा प्रयत्न केला आणि नुसती शिट्टीसारखी हवा आली.

"सूनबाई!" आजी किंचाळली. "अगं, दूध आहे त्यात! लवकर ये!"

बंद खोलीतून कानाला हेडफोन लावलेली इशिताची आई बाहेर आली. तिनं एकदा पोरीकडे पाहिलं आणि पळत जाऊन कपाटातून एक पेटी आणली. पोरीच्या मांडीवर फ्रॉकवरूनच तिनं ॲलर्जीचं इंजेक्शन टोचलं आणि मोठ्यानं आकडे मोजले. पोरगी रडली. रडण्याला आवाज होता, तेवढ्यानंच आजी खाली बसली.

"गाडी हिचे बाबा घेऊन गेलेत," आई म्हणाली. "रिक्षा. खाली चला."

प्रभावतीनं पोरीला उचललं. कुणी सांगितलं नव्हतं. या वेळी पुढची लिफ्ट घेतली, वॉचमन काही बोलला नाही. तिला घेऊन आलेला रिक्षावाला गेटबाहेर अजून उभा होता. रस्ताभर पोरीचं डोकं तिच्या खांद्यावर होतं, आणि ती पोरीची छाती आपल्या छातीवर वरखाली होते की नाही एवढंच बघत होती. टोपी कधी पडली ते तिला कळलं नाही.

हॉस्पिटलच्या दारात आईनं पोरीला तिच्या हातांतून घेतलं. घेताना ती पहिल्यांदा प्रभावतीच्या अंगावरचा ॲप्रन नीट बघत होती, त्यावरचं हिरवं पान.

"तुम्ही जा आता," ती म्हणाली. "प्लीज. जा."

प्रभावती गेली नाही. बाहेरच्या पायरीवर बसली, एका पायात चप्पल. फरशी भाजत होती म्हणून तिनं अनवाणी पाय ॲप्रनच्या टोकावर ठेवला. तासाभरानं उदय आला. त्याला संध्यानं फोन केला होता. तो काही विचारणार होता, पण आईचा पाय बघून त्यानं स्वतःची चप्पल काढून तिच्यापुढे ठेवली.

"मॅडमला कळलं का?"

"इशिताच्या आजीनं फोन केला त्यांना. निघाल्यात."

"संध्यानं न्हाई केला?"

उदयनं मान खाली घातली. "माय, ती बसलीय नुसती. उचकी लागलीय तिला. म्या डबे परत गोळा करतोय."

दुपारी आजी बाहेर आली. प्रभावतीला पाहून तिला आश्चर्य वाटलं नाही. "बरी आहे," एवढंच म्हणाली. मग दारातून पुन्हा वळली. "उद्यापर्यंत ठेवणार आहेत. बघायला म्हणून." प्रभावतीनं हात जोडले. आजीनं ते बघितले आणि आत गेली.

संध्याकाळी मृणालिनीबाई गाळ्यात टेबलापाशी उभ्या होत्या. प्रवासाचे कपडे तसेच होते. परत आलेल्या डब्यांची खोकी एका भिंतीला लागली होती, वितळलेल्या बर्फाचं पाणी मोरीकडे चाललं होतं. तबेल्याची पिशवी टेबलावरच होती.

"कोणी केलं?"

उदयनं बोलायला तोंड उघडलं. "म्या आणलं लोणी. मला..."

"मी टाकलं," संध्या म्हणाली. "मी त्याला खोटं सांगून आणवलं. आत्यांना बर्फाला पाठवलं, त्यांना माहीत नव्हतं."

बाई तिच्याकडे वळल्या. "बॅच फाटली असती तर मी काय केलं असतं, संध्या? फेकून दिली असती. अजून काय केलं असतं?"

संध्या मुठीतल्या किल्ल्या चाचपत राहिली.

"आणि सकाळी कळल्यावर? मावशी निघाल्यावर? मला त्या बाईंचा फोन आला तेव्हा नऊ वाजून गेले होते. तू मला फोन का नाही केला?"

"हिंमत नाही झाली."

"किल्ल्या ठेव," बाई म्हणाल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं प्रभावतीला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सगळं लोणी खड्ड्यात गेलं. बाईंनी प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वतः फोन करून सांगितलं. कॅफेवाले तुटले. गाळा तीन आठवडे बंद राहिला. बाईंनी ते घुसळायचं मशीन काढून टाकलं, म्हणाल्या, धुऊन माझं मन मानणार नाही.

पेणकरपाड्यातल्या खोलीत चार माणसं होती, आणि बोलणं बंद झालं होतं. कोंडिराम, प्रभावतीचा नवरा, गुडघ्यांमुळे वॉचमनकी सोडून घरीच असायचा. त्याला दिवसभर दोन बायकांच्या मधे बसावं लागायचं. एक भाकरी थापायची, दुसरी भांडी घासायची. चमचा हवा असला तरी संध्या उठून स्वतः घ्यायची. रविवारी विहारात वंदनेला चौघं गेली, तिथंही दोघी दोन टोकांना बसल्या.

एकदाच फुटलं. संध्या कपडे वाळत घालता घालता म्हणाली, "तुम्ही मला शांतपणे विचारायला हवं होतं. मीच गेले असते तिकडे."

"तू फोन न्हाई केला."

"तुम्ही पिशवी घेऊन समोर उभ्या राहिलात, चोर पकडल्यासारख्या. मला सुचलंच नाही काही. दिवाळीपासून तुमच्या डोळ्यांत दिसायचं मला, की ही पोरगी माझ्या जागेवर बसलीय. चूक झाली तेव्हा बरंच वाटलं असेल ना?"

प्रभावतीच्या हातातली कणीक तशीच राहिली. ती खोटं बोलू शकली असती.

"मोरीत बसून वाटायचं कधी कधी," ती म्हणाली. "पर त्या दिवशी न्हाई. त्या दिवशी पोरगी सोडून काही दिसलं न्हाई मला."

कोंडिराम खाटेवरून म्हणाला, "बास करा आता." दोघीही थांबल्या नसत्या, पण खाली पाण्याचा टँकर आला आणि दोघींना हंडे घेऊन उतरावं लागलं.

गाळा उघडला तेव्हा बाईंनी प्रभावतीला बोलावलं. एकटीलाच. नवीन मशीन, नवीन भांडी, दाराशी चिठ्ठी, आत येताना बाहेरचं काहीही खायचं आणायचं नाही. मोरीवर दुसरी बाई ठेवली होती. "तुम्ही आता भांड्यापाशी उभ्या राहा," बाई म्हणाल्या. "वास, चव तुम्ही सांगायची. तुम्ही हो म्हटल्याशिवाय एक डबा भरायचा नाही." प्रभावतीला वाटलं होतं तसा आनंद झाला नाही. ती दिवसभर भांड्यावर वाकून राहायची आणि दर थोड्या वेळानं चव घ्यायची, गरज नसली तरी. पूर्वीच्या चारशे डब्यांपैकी शंभर उरले होते. पण दर आठवड्याला दहा-पाच वाढत होते. लोक पुन्हा मागत होते.

संध्याला हायवेच्या पलीकडे प्लास्टिकची खेळणी पॅक करायच्या कारखान्यात काम मिळालं. उभ्यानं काम, बसायला मिळत नव्हतं. घरी आली की ती पाय भिंतीला लावून पडायची.

एका गुरुवारी ती नेहमीच्या वेळेला आली नाही. उदयही टेम्पोवर होता. प्रभावतीनं दोनदा खिडकीतून डोकावून पाहिलं. सात वाजून गेल्यावर संध्या आली, चपला बाहेर काढल्या, हात-पाय धुतले आणि प्रभावतीच्या समोर येऊन बसली. एवढ्या दिवसांत ती समोर अशी बसली नव्हती.

"आत्या, मी आज तिकडे गेले होते."

"कुठं?"

"इशिताच्या घरी."

प्रभावतीची तव्यावरची भाकरी उलटायची राहिली.

"वॉचमननं सोडलं?"

"नाव लिहिलं. कोण म्हणून विचारलं, मी सांगितलं, लोण्यात दूध टाकणारी. त्यानं वर इंटरकॉमवर तसंच सांगितलं." संध्या खाली बघून बोलत होती. "आजीनं दार उघडलं. मी म्हटलं, मी संध्या, मी केलं ते. त्यांनी दार लावलं."

"मग?"

"पुन्हा बेल वाजवली."

कोंडिराम खाटेवर उठून बसला.

"त्यांनी उघडलं. या वेळी साखळी लावून. मी सगळं सांगितलं. लाईट गेली ते, तीन किलो ते, तुम्ही गेल्यावर मी अर्धा तास फोन हातात धरून बसले ते. ते कुणालाच सांगितलं नव्हतं मी. त्यांनी ऐकून घेतलं. मधे एक शब्द नाही. मग म्हणाल्या, झालं? मी म्हटलं, झालं. मग दार लावलं."

"माफ केलं न्हाई?"

"नाही."

भाकरी करपायला लागली होती. प्रभावतीनं ती चिमट्यानं काढून बाजूला टाकली आणि परातीतला नवीन गोळा घेतला. तिची फुटलेली बोटं पिठातल्या मिठानं चुरचुरत होती. संध्यानं ते बघितलं, परात स्वतःकडे ओढली आणि पिठात हात घातला.

"सरका थोडं," ती म्हणाली. "मी थापते. तुम्ही भाजा."

प्रभावती सरकली.